संरचनात्मक तपासणी जोत्याखालीही उतरू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील धोकादायक इमारतींच्या याद्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करण्याची, ‘सी-२ बी’ म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्त करता येण्याजोगी, ही वर्गवारी आता जुन्या इमारतींतील शाळकरी मुलांनाही पाठ झाली आहे. ज्या संरचनात्मक तपासणीच्या आधारे ही वर्गवारी ठरते, ती मात्र जोत्यापासून सुरू होते आणि गच्चीवर संपते. अंगणातील फरशीखाली आणि जिन्याच्या पोटाखाली पन्नास-साठ वर्षे निमूटपणे काम करीत असलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीकडे त्या तपासणीत कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या संस्थेला हे बरीच किंमत मोजून कळले. इतरांना ते कमी किमतीत कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी विलेपार्ले (पूर्व) येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नऊ वर्षे सचिव होतो. इमारत १९६६ सालची, तळमजला अधिक तीन मजले, सदनिका चोवीस. तळमजल्यावर मागच्या कोपऱ्यात राहणाऱ्या, वयाची ऐंशी ओलांडलेल्या काकूंनी सलग दोन वर्षे एकच तक्रार लावून धरली होती : “वर कोणी कपड्यांचं मशीन लावलं की माझ्या मोरीत पाणी वर येतं.” आम्ही प्रत्येक वेळी नेहमीच्या कंत्राटदाराला बोलावत असू. त्याची माणसे चेंबरचे झाकण उघडून बांबूच्या लांब कामट्या आत सरकवीत, पाणी धो धो निघून जाई, बिल मंजूर होई आणि दीड-दोन महिन्यांनी काकू पुन्हा दारात उभ्या राहत. वाहिनी ‘तुंबली’ आहे असे आम्ही सारे समजत होतो. ती फुटलेली असेल, अशी शंकाही आमच्यापैकी कोणाला आली नाही, कारण वरचेवर का होईना, पाणी निघून जात होते. ते कोठे जात होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

याच काळात आमच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली होती. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तर पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हायला हवी. अभियंते आले, काम चोख केले. काँक्रीटवर हातोडीसारखे उपकरण आपटून त्याची कठीणता पाहिली, ध्वनिलहरी सोडून आतील पोकळी तपासल्या, सळ्यांच्या गंजाचा अंदाज घेतला, खांबांचे नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवले. चाळीस पानांच्या त्या अहवालात सांडपाण्याबद्दल एकच ओळ होती : बाहेरील नळांना काही ठिकाणी गळती आढळते. मी अभियंत्यांना दोष देत नाही. त्यांच्या हाती जो नमुना होता त्यात जमिनीखालच्या वाहिनीसाठी रकानाच नव्हता, आणि त्यासाठी वेगळे शुल्क द्यायला आमची समितीही तयार झाली नसती. मागच्या कोपऱ्यातील खोलीच्या भिंतीवर खिडकीपासून तिरकी उतरणारी एक भेग होती. तिचा फोटो अहवालात आहे, शेजारी ‘भरून घ्यावी’ असा शेरा आहे, आणि आम्ही ती भरूनही घेतली. सहा महिन्यांत ती त्याच जागी पुन्हा उमटली.

शेवटी एका सभासदाच्या ओळखीचे, महापालिकेच्या मलनिस्सारणाच्या कामांवर उमेदीची वर्षे घालवलेले एक निवृत्त अभियंते आमच्याकडे आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “तुमच्याकडे चेंबर किती?” आम्ही चार मोजून दाखवले. त्यांनी १९६६ चा मंजूर नकाशा मागितला. तो संस्थेच्या कपाटात, भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखाली, घड्यांवर फाटलेल्या अवस्थेत सापडला. त्यावर चेंबर सात होते. उरलेले तीन कोठे गेले याचा उलगडा तेव्हा झाला. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आमच्या तळमजल्यात गुडघ्याच्या वर पाणी होते. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून पुढच्या वर्षी अंगणात भराव घालून ते जवळजवळ फूटभर उंच केले गेले, वर पेव्हर ब्लॉक बसवले गेले आणि तीन झाकणे त्याखाली कायमची गाडली गेली. तो ठराव मांडणाऱ्यांत मीही होतो. अंगण सुंदर झाले म्हणून त्या वर्षीच्या सभेत टाळ्याही पडल्या होत्या.

गाडलेली झाकणे शोधायला त्यांनी कोणतेही यंत्र आणले नाही. नकाशावरून अंदाज घेऊन एका गड्याने पहारीच्या बोथट टोकाने ब्लॉक ठोकत जायचे आणि जिथे आवाज बद्द न येता पोकळ येईल तिथे खडूने फुली मारायची, असे दोन तास चालले आणि तिन्ही झाकणे सापडली. त्यानंतर त्यांनी आरशाची परीक्षा घेतली. ही पद्धत जुनी आहे, भारतीय मानकांतही तिचा उल्लेख आहे, आणि ती कोणत्याही संस्थेला रविवारी सकाळी करता येईल. दोन चेंबरांमधली वाहिनी सरळ रेषेत असते. एका टोकाला दिवा धरायचा, दुसऱ्या टोकाच्या चेंबरात काठीला बांधलेला आरसा तिरका सोडायचा. वाहिनी सरळ आणि मोकळी असेल तर आरशात पौर्णिमेच्या चंद्रासारखे पूर्ण वर्तुळ दिसते. आमच्या पहिल्या टप्प्यात ते दिसले. दुसऱ्या टप्प्यात अष्टमीचा चंद्र दिसला, म्हणजे नळ मध्येच खाली बसला होता आणि त्याच्या पोटात पाणी साचून होते. कोपऱ्याकडच्या टप्प्यात अमावास्या होती.

मग कॅमेरा लावला. लवचीक दांड्याच्या टोकाला लिंबाएवढा कॅमेरा, आणि अंगणात खुर्चीवर ठेवलेल्या छोट्या पडद्याभोवती आम्ही सारे. प्रत्येक दोन फुटांवर एक सांधा दिसत होता, आणि जवळजवळ प्रत्येक सांध्यात काळी फट. एका ठिकाणी छताकडून केसांच्या वेणीसारखे काहीतरी लोंबत होते. ती कुंपणापलीकडच्या उंबराची मुळे होती. पुढे एका जागी नळाचा वरचा अर्धा भागच नव्हता. कॅमेऱ्याच्या उजेडात ओली माती दिसत होती, आणि त्या मातीत घुशीने पाडलेले, माणसाचा हात सहज जाईल एवढे भोक. काकू खिडकीतून पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि आम्हाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

या वाहिन्या नेमक्या कशामुळे निकामी होतात, हे थोडे सांगायला हवे, कारण ‘नळ जुना झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि ते खरे नसते. त्या काळच्या बहुतेक इमारतींत जमिनीखाली चकाकी दिलेले स्टोनवेअरचे, बोलीभाषेत चिनी मातीचे, नळ आहेत. आमच्याकडे खणून काढलेला एक तुकडा मी धुऊन पाहिला. लोणच्याच्या जुन्या बरणीची असते तशी त्याची तपकिरी चकाकी साठ वर्षांनंतरही शाबूत होती. नळाला काही झालेले नव्हते, गेले होते ते सांधे. हा नळ ६० सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यांत येतो, म्हणजे २५ मीटरच्या वाहिनीत चाळिसाहून अधिक सांधे. प्रत्येक सांध्यात डांबरात बुडवलेली तागाची दोरी ठासून वर सिमेंटचा गिलावा केलेला. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, वाहिनीच्या वरच्या ओलसर भागात जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल नळाला नव्हे, सिमेंटला खाते. सांधा सैल झाला की ओलाव्याच्या वासाने मुळे येतात. उंबर, पिंपळ आणि वड या कामात पटाईत असतात. मुळे जाड होत गेली की फट रुंदावते, पाणी बाहेर पाझरते, भोवतालची माती धुऊन वाहिनीतूनच निघून जाते, आणि आधार गेलेला नळ खाली बसतो.

त्यात आपण आपली भर घालतो. ज्या अंगणात १९६६ मध्ये सायकली उभ्या राहत होत्या तिथे आज दीड-दोन टनांच्या मोटारी उभ्या असतात, तेही बरोबर वाहिनीच्या डोक्यावर. प्रत्येक घरात कपड्यांचे यंत्र आले, एका संडासाचे दोन झाले, नळाचा व्यास तेवढाच राहिला. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा नळ कोणीतरी सोयीसाठी सांडपाण्याच्या चेंबरात सोडून दिला. मुंबईत पर्जन्यजलवाहिन्या आणि मलवाहिन्या यांची व्यवस्था वेगवेगळी आहे, हे ठाऊक नसलेल्या गवंड्याने ते केले आणि ठाऊक असलेल्या समितीने ते चालवून घेतले. आणि आम्ही स्वतः केलेली सर्वांत मोठी चूक म्हणजे, बांबूने भागेना तेव्हा उच्च दाबाच्या पाण्याचा मारा करणारी गाडी बोलावली. धडधाकट वाहिनीला तो उपाय उत्तम आहे. पण सांधे उघडे पडलेल्या वाहिनीत तो दाब सांध्यांतून बाहेर जातो आणि उरलीसुरली माती उपसतो. आधी कॅमेरा आणि मग पाण्याचा मारा, हा क्रम आम्हाला कोणीच सांगितला नाही. गाडीवाल्याने तर नाहीच, कारण त्याचे बिल गाडीच्या फेरीवर होते.

कोपऱ्यातील संडासाची लादी उचलली तेव्हा तिच्याखाली कोपरापर्यंत हात जाईल अशी पोकळी निघाली. जोत्याच्या आतली भरणीची माती पावसागणिक थोडी थोडी वाहून गेली होती, आणि जी तिरकी भेग आम्ही दोनदा बुजवली ती त्या पोकळीच्या बरोबर वर होती. अहवालात इमारत ‘दुरुस्तीयोग्य’ म्हणून नोंदली गेली, ती दुरुस्ती प्लॅस्टर आणि रंगावर झाली, आणि खाली पायाजवळची जमीन पोखरली जात राहिली.

दुसरे संकट मला याहून गंभीर वाटते, आणि त्याची चर्चा त्याहून कमी होते. जुन्या इमारतींत पाण्याची जमिनीखालची टाकी आणि सांडपाण्याचे चेंबर बहुधा एकाच अंगणात, हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असतात. आमच्याकडे त्यांच्यात पाच फूट अंतर होते. मुंबईत पाणी दिवसातून काही तास येते. पाणी असते तेव्हा नळातल्या दाबामुळे बारीक छिद्रातून ते बाहेर फवारते. पाणी बंद होते तेव्हा दाब ओसरतो, प्रसंगी उलटी ओढ निर्माण होते आणि भोवतालच्या जमिनीत जे मुरलेले असेल ते त्याच छिद्रातून आत खेचले जाते. शिवाय टाकीची भिंत तडकलेली असेल तर दाबाचाही प्रश्न उरत नाही. आमच्या टाकीतील पाण्याचा नमुना तपासणीत पिण्यास अयोग्य ठरला. त्या पावसाळ्यात इमारतीतील तीन मुलांना कावीळ झाली होती. ती त्याच पाण्याने झाली असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण मुले बाहेरही खातात-पितात. परंतु त्यानंतर सहा महिने आम्ही टाकी रिकामी ठेवून टँकर मागवले, आणि त्या खर्चात वाहिनीचा निम्मा टप्पा नवा झाला असता.

दुरुस्तीसाठी चार दरपत्रके आली आणि चारही वेगळी निघाली. एकाने सारे खणून नवे नळ टाकायला सांगितले, एकाने न खणता आतून अस्तर लावायला. अस्तराची ही पद्धत नवलाईची नाही. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या नळात उलटी करत सरकवायची, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने फुगवायची आणि उष्णतेने घट्ट होऊ द्यायची, म्हणजे जुन्या नळाच्या आत सांध्याविना नवा नळ तयार होतो. लंडनमध्ये १९७१ साली एरिक वुड यांनी ती प्रथम वापरली. माझा अनुभव असा की ज्याच्याकडे जे यंत्र असते तोच उपाय तो प्रत्येक दुखण्यावर सांगतो. अस्तराने सांधे बंद होतात, मुळे थांबतात. पण खाली बसलेला नळ वर उचलला जात नाही. ज्या टप्प्यात आरशात अष्टमीचा चंद्र दिसला तिथे अस्तर लावले असते तर साचलेल्या पाण्याला फक्त नवे, गुळगुळीत भांडे मिळाले असते. आणि जिथे नळाचे छप्परच कोसळले आहे तिथे अस्तराला टेकायला काही उरत नाही.

म्हणून निवृत्त अभियंत्यांच्या सल्ल्याने आम्ही दोन्ही केले. जिन्याखालून जाणारा टप्पा पायाला लागून होता आणि तिथे चर खणणे म्हणजे पायाचा आधार काढणे होते, तिथे अस्तर लावले. अंगणातले दोन टप्पे खणून काढले. खणताना चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार दिला, एका वेळी दोन चेंबरांच्या मधलाच भाग उघडा ठेवला, आणि सारे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवले, कारण पावसात उघडा चर म्हणजे जोत्याशी खणलेले तळे. नव्या नळाखाली काँक्रीटचा बिछाना घातला. ढाळाच्या बाबतीत अभियंते अडून बसले. सहा इंची वाहिनीला साठ फुटांना एक फूट, चार इंचीला चाळीस फुटांना एक. त्याहून कमी ढाळ दिला तर मळ तळाशी बसतो, हे सर्वांना पटते. गवंड्याचा हिशेब मात्र ‘नजरेने बरोबर आहे’ असा होता. पाण्याने भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी लावून पाहिल्यावर नजरेची चूक २५ मीटरमध्ये चार इंच निघाली. एक चेंबर त्याला पुन्हा फोडावे लागले, आणि त्या दिवशी तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. माती लोटण्यापूर्वी खालचे तोंड फुग्याने बंद करून वाहिनी पाण्याने भरली, वरच्या चेंबरात पातळीची खूण केली आणि ती खाली उतरत नाही हे पाहूनच माती ओढली. ज्या संस्था असे काम काढतील त्यांनी बिलाचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात आधीच्या कंत्राटदाराने एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा पाठवला होता. रस्त्याच्या बाजूचे शेवटचे चेंबर सात फूट खोल आहे. कमरेला दोर बांधून तो त्यात उतरण्याच्या तयारीत होता, तोंडावर रुमाल एवढेच संरक्षण. मी त्याला थांबवले तेव्हा समितीतील एका सदस्याने “ती त्यांची सवय आहे” असे सांगितले. हायड्रोजन सल्फाइडचे वैशिष्ट्य असे की प्रमाण वाढले की त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे सवयीचा माणूस अधिक सुरक्षित नसतो. २०१३ च्या कायद्याने मलवाहिनी आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये जे तीन कामगार मरण पावले ते एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टाकीत उतरले होते. ‘कंत्राट दिले, आमचा संबंध संपला’ असे मानणाऱ्या समित्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता पैशाविषयी. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीची किमान वर्गणी बांधकाम खर्चाच्या दरसाल ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीच्या राखीव निधीची, ०.२५ टक्के आहे. ऐकायला ठीक वाटते. पण आमच्यासारख्या संस्थेत तो बांधकाम खर्च १९६६ चा धरला जात होता. वीस हजार रुपये खर्चाच्या सदनिकेला दुरुस्ती निधी वर्षाला दीडशे रुपये आणि सिंकिंग फंड पन्नास! चोवीस सदनिकांचे मिळून वर्षाला ४,८०० रुपये. यात एका चेंबरचे झाकणसुद्धा धड येत नाही. किमान दराच्या वर जाण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, पण तो वापरण्याची हिंमत आम्हाला कोणालाच झाली नव्हती. अखेर प्रत्येक सदनिकेला सुमारे सोळा हजार रुपये विशेष वर्गणी बसली आणि त्या सभेत जे झाले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

त्या सभेत वारंवार ऐकू आलेले वाक्य मात्र लिहिले पाहिजे, कारण ते आज मुंबईतील प्रत्येक जुन्या इमारतीत ऐकू येते : “पुनर्विकास होणारच आहे, मग आता जमिनीत पैसे कशाला पुरायचे?” आमच्याकडे पुनर्विकासाची पहिली बैठक २००९ मध्ये झाली होती. तेव्हापासून तीन विकासक आले आणि गेले, आणि त्या साऱ्या काळात सांडपाणी रोजच्या रोज जोत्याखाली मुरत होते. पुनर्विकासाची आशा हे दुरुस्ती टाळण्याचे इतके सभ्य कारण आहे की त्याला सभेत विरोध करणे म्हणजे इमारतीच्या भवितव्याला विरोध करणे ठरते. तळमजल्यावरचे सभासद सोडून बाकी सगळ्यांना ते पटते. वास तिसऱ्या मजल्यावर पोहोचत नाही.

जबाबदारीचा गुंता वेगळाच. संस्थेच्या आवारातील सांडपाण्याच्या वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेने करायची आणि सदनिकेच्या आतील संडास-मोरीची गळती त्या सभासदाने काढायची, हे उपविधींत स्पष्ट आहे. तरीही आमच्याकडे तीन महिने काकूंनाच ‘तुमच्या मोरीचा दोष’ असे ऐकवले गेले. कुंपणाबाहेर, आमच्या शेवटच्या चेंबरापासून रस्त्यातील मलवाहिनीपर्यंतच्या जोडणीसाठी रस्ता खणावा लागतो. त्या परवानगीसाठी आम्ही ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या तिथे एका खिडकीवर ते काम रस्ते विभागाचे होते, दुसरीवर मलनिस्सारणाचे, आणि दोन्हीकडे कागद पूर्ण होईपर्यंत पावसाळ्यापूर्वीची खोदकामबंदी लागू झाली. तो शेवटचा सहा मीटरचा तुकडा अजून जुनाच आहे.

माझे बालपण गिरगावातील चाळीत गेले. तिथे दोन इमारतींमध्ये हाऊसगल्ली असे. अंधारी, निसरडी, उंदरांची. पण निदान सांडपाण्याचे नळ डोळ्यांसमोर असत आणि कोठे गळते ते भिंतीच्या शेवाळावरून पोरालाही समजे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या शहरातील जुन्या, इमारतींच्या बाबतीत म्हाडा कायद्यातील संरचनात्मक दुरुस्तीच्या व्याख्येत इमारतीला जोडलेल्या सांडपाण्याच्या नळांचा हाऊसगल्ल्यांसह उल्लेख आहे. संरचनेबरोबर त्यांची दुरुस्ती केली नाही तर इमारतीला आणखी हानी पोहोचेल, हे त्या कायद्याने मान्य केलेले आहे. जे शहराच्या जुन्या भागातील पागडीच्या इमारतीला लागू पडते, ते उपनगरातील सहकारी इमारतीला का लागू पडू नये?

म्हणून माझी विनंती महापालिकेला आहे की कलम ३५३ ब खालील तपासणी अहवालाच्या नमुन्यात जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिनीसाठी स्वतंत्र भाग असावा. त्यात चेंबरांची प्रत्यक्ष संख्या आणि जागा दाखवणारा नकाशा, कॅमेऱ्याने केलेल्या पाहणीचे चित्रीकरण आणि पाण्याच्या टाकीपासूनचे अंतर नोंदवणे सक्तीचे असावे, आणि झाकण फरशीखाली गाडलेले आढळल्यास ते उघडे केल्याशिवाय प्रमाणपत्र दिले जाऊ नये. सहकार खात्याला विनंती ही की दुरुस्ती निधीची किमान वर्गणी मूळ बांधकाम खर्चावर न ठेवता चालू बांधकाम खर्चावर आकारण्याचा निर्देश द्यावा. सभासद सुरुवातीला ओरडतील, पण एकदम सोळा हजार भरताना ओरडतात त्यापेक्षा कमी. रस्त्याखालच्या जोडणीच्या परवानगीसाठी एकच खिडकी ठेवावी, हे लिहिताना माझा मलाच संकोच वाटतो, इतक्या वेळा इतक्या जणांनी ते लिहिले आहे.

काकूंची मोरी दोन पावसाळे कोरडी आहे आणि भिंतीवरची भेग भरल्यानंतर पुन्हा उघडलेली नाही. आमच्या वाहिनीचा नवा नकाशा, प्रत्येक चेंबरची खोली आणि भिंतीपासूनचे अंतर लिहून, संस्थेच्या कचेरीत काचेच्या चौकटीत लावला आहे. त्यावर तो सहा मीटरचा तुकडा लाल शाईने दाखवला असून शेजारी ‘परवानगी प्रलंबित’ असे लिहिले आहे.

आपला,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई